टॉवर क्रेन: निवड, पाया, टाय आणि उतरवणी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, पुणे परिसरातल्या उंच इमारतींच्या साइटवरचे इंजिनिअर, सुपरवायझर, विकासक आणि शेजारच्या सोसायट्यांतले रहिवासी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मी क्रेनचा पाया, टाय (क्रेनला इमारतीशी बांधणारे रॉड), स्टेजिंग (काँक्रीट ओतताना खालून दिलेला तात्पुरता आधार) अशा तात्पुरत्या कामांचं डिझाइन करतो. माझा आग्रह एकाच गोष्टीसाठी आहे आणि तो पुढच्या बऱ्याच उत्तरांत दिसेल. कोणती क्रेन घ्यायची हे ठरवताना सुरुवात शेवटापासून करा. काम संपल्यावर ती खाली कशी उतरणार, हे आधी कागदावर आलं पाहिजे.

क्रेनचा विचार नेमका कधी सुरू करायचा?

स्ट्रक्चरल कन्सल्टंट पायाची ड्रॉइंग काढत असतात तेव्हा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खोदाई संपते, राफ्टच्या (इमारतीखालच्या सलग काँक्रीट पायाच्या) सळया बांधायला घेतात आणि मग भाड्याने क्रेन देणाऱ्याला फोन जातो. तोवर लिफ्टची जागा, पोडियमची (टॉवरखालच्या पसरट भागाची) हद्द, बेसमेंटचा रॅम्प, सगळं ठरून गेलेलं असतं आणि क्रेनला उरलेल्या कोपऱ्यात बसवावं लागतं. असा कोपरा क्वचितच योग्य असतो. एकतर तिथून पलीकडच्या विंगपर्यंत जिब (क्रेनचा माल उचलणारा लांब हात) पोचत नाही, नाहीतर मास्टपासून (क्रेनच्या उभ्या मनोऱ्यापासून) इमारत इतकी लांब पडते की टायचे रॉड दुप्पट जड करावे लागतात. पायाची ड्रॉइंग होत असतानाच एक बैठक घेतली तर हे सगळं टळतं. बैठकीला स्ट्रक्चरल कन्सल्टंट, क्रेन देणारा, साइट इन्चार्ज आणि पायाचं डिझाइन करणारा असे चौघेही हवेत.

उतरवण्यापासून उलटा विचार करायचा म्हणजे काय?

क्रेन उभी करताना प्लॉट मोकळा असतो. मोठी मोबाइल क्रेन थेट पायाजवळ येते, मास्टचे तुकडे जोडते, जिब चढवते आणि निघून जाते. दोन-तीन वर्षांनी त्याच जागी पोडियम असतो, त्याखाली दोन बेसमेंट असतात, बाजूला इमारत असते आणि समोर बाग, पेव्हर ब्लॉक, कंपाउंडची भिंत. मोबाइल क्रेन उभी कुठे राहणार? पोडियमवर म्हणाल, तर तिच्या आउटरिगरखाली (बाजूला पसरणाऱ्या आधाराच्या पायांखाली) येणाऱ्या भारासाठी तो स्लॅब डिझाइन केलेला असायला हवा आणि खालून टेकू द्यावे लागतील. हे आधी ठरलं असेल तर चार बीम थोडे जड करून भागतं. नंतर लक्षात आलं तर बेसमेंटच्या तळापर्यंत टेकूंचं जंगल उभं करावं लागतं.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांच्या ध्यानात येते. इमारतीला टायने बांधलेली क्रेन उतरताना एकेक मास्ट काढत स्वतःच खाली येते. त्या वेळी तिला फिरता येत नाही. क्लाइंबिंगच्या पिंजऱ्याचं (मास्टचे तुकडे घालून किंवा काढून क्रेन चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या चौकटीचं) तोंड ज्या बाजूला, त्याच दिशेला जिब धरावा लागतो, आणि पिंजऱ्याची दिशा मास्टच्या दिशेवर अवलंबून असते. मास्टची दिशा ठरते कधी? पायात अँकर (मास्ट धरून ठेवणारे पोलादी पाय) ओतले त्या दिवशी. म्हणजे पायाच्या काँक्रीटच्या वेळीच हे नक्की होतं की काही वर्षांनी जिब आणि काउंटर जिब (तोल राखणारी वजनं, म्हणजे काउंटरवेट, धरणारा मागचा हात) कोणत्या रेषेत खाली येणार. त्या रेषेत इमारतीची एखादी विंग, पुढे आलेली बाल्कनी किंवा शेजारची टाकी असेल, तर क्रेन मध्येच अडकते. अँकर ओतण्यापूर्वी प्लॅनवर जिब आणि काउंटर जिब प्रत्यक्ष मापाने काढा आणि शेवटच्या मजल्यापासून जमिनीपर्यंतची वाट मोकळी आहे ना, ते तपासा.

सुटं करण्याचं काम किती घातक असतं याची दोन उदाहरणं सांगतो. २७ एप्रिल २०१९ रोजी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात क्रेन सुटी करताना मास्टच्या जोडांमधल्या जवळजवळ सगळ्या पिन आधीच काढून ठेवल्या होत्या. वाऱ्याचा झोत आला आणि मास्ट रस्त्यावर कोसळला. चौघे मृत्युमुखी पडले, त्यातले दोघे तर रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये होते. १२ जुलै २०२१ ला कॅनडातल्या केलोना इथे क्रेन सुटी करतानाच पाच जण गेले, त्यातला एक शेजारच्या इमारतीत होता. उभारणीला आपण अनुभवी माणसं, ताजं मॅन्युअल, तपासणी असं सगळं करतो. उतरवायच्या वेळी प्रकल्पाचे पैसे संपत आलेले असतात, ताबा द्यायची घाई असते आणि कामाला मिळेल ती टोळी लागते. हे बदलायला हवं.

हॅमरहेड, फ्लॅट-टॉप की लफिंग?

हॅमरहेड म्हणजे आडवा जिब, त्यावर धावणारी ट्रॉली आणि वर निमुळता माथा. फ्लॅट-टॉपला तो माथा आणि जिबला वरून धरणारे त्याचे टाय-बार नसतात, त्यामुळे एकाच साइटवर दोन-तीन क्रेन एकमेकींवरून फिरवायच्या असतील किंवा विमानतळामुळे उंचीची मर्यादा असेल तर ती सोयीची. मोकळ्या टाउनशिपला, हिंजवडी, वाघोली, घोडबंदरसारख्या ठिकाणी, यांपैकी कुठलीही चालते. जी चांगल्या स्थितीत मिळते ती घ्या.

लफिंग क्रेनचा जिब वर-खाली होतो. ती महाग असते, वीज जास्त खाते, तिचा वेगही कमी असतो. तरी दादर, परळ, गिरगाव इथल्या पुनर्विकासाच्या चिंचोळ्या प्लॉटवर मी तिचाच आग्रह धरतो. चारी बाजूंना राहत्या इमारती असताना आडवा जिब शेजाऱ्यांच्या गच्चीवरून फिरणारच. लफिंगचा जिब काम करताना उभा धरता येतो आणि काम थांबल्यावर मॅन्युअलमध्ये दिलेल्या कोनात ठेवल्यावर तिचा घेर लहान राहतो. तो कोन मात्र काटेकोर पाळा. जिब जास्तच उभा ठेवला तर वारा त्याला मागे ढकलू शकतो, शिवाय तो वाऱ्याबरोबर फिरायचाही थांबतो.

सात-आठ मजल्यांपर्यंतच्या कामाला स्वतः उभी राहणारी छोटी क्रेन असते. युरोपात ती गल्लोगल्ली दिसते, आपल्याकडे तुरळक.

क्षमता कशी ठरवायची? ‘सहा टनी क्रेन’ म्हटलं की पुरेसं आहे का?

अजिबात नाही. क्रेनची खरी ताकद टनांत नसते, टन-मीटरमध्ये (वजन गुणिले मास्टपासूनचं अंतर) असते. समजा, ६० मीटर जिबची क्रेन आहे आणि तिच्या तक्त्यात १७ मीटरपर्यंत ६ टन, ३५ मीटरवर २.८ टन आणि टोकाला १.५ टन लिहिलं आहे. सहाचा आकडा जाहिरातीतला. तुमचं काम कदाचित टोकाच्या दीड टनावर अडेल.

एक घनमीटर काँक्रीटचं वजन २.४ टन, बकेटचं साधारण ३०० ते ४०० किलो. वर स्लिंग (माल टांगायचे पट्टे किंवा दोर), शॅकल (ते जोडणाऱ्या कड्या). म्हणजे वरच्या क्रेनला भरलेली एक घनमीटरची बकेट ३५ मीटरलासुद्धा मर्यादेवर किंवा तिच्या पलीकडे नेते. मग काही ठिकाणी ‘थोडंसंच जास्त आहे’ म्हणत मोमेंट लिमिट स्विचशी (भार जास्त झाला की क्रेन थांबवणाऱ्या स्विचशी) खेळ सुरू होतो. लिमिट स्विचला कुणी हात लावलेला दिसला की त्या क्षणी क्रेन बंद करा.

म्हणून आधी यादी करा: कोणता माल, किती वजनाचा, कुठून उचलायचा आणि कुठे ठेवायचा. काँक्रीट पंपाने जाणार असेल आणि शटरिंग मायवानचं (ॲल्युमिनियमच्या हलक्या पॅनेलचं) असेल, तर पॅनेल हातोहात स्लॅबमधल्या खिडकीतून वर जातात. मग क्रेनवर प्रामुख्याने सळयांचे गठ्ठे, स्टेजिंगचं सामान आणि विटा-ब्लॉक उरतात. अशा साइटवर मध्यम क्रेन पुरते. प्रीकास्ट (आधीच ओतून आणलेले काँक्रीटचे भाग) असेल तर मात्र सगळ्यात जड पॅनेल आणि त्याची सगळ्यात लांबची जागा, हा एकच आकडा सगळं ठरवतो. टॉवरच्या काचा, लिफ्टची मोटार, डिझेल जनरेटर, गच्चीवरचे चिलर हेही यादीत घ्या. शेवटी हमखास त्यांच्यासाठीच वेगळी क्रेन मागवावी लागते.

दोन दोऱ्यांवर हूक वेगाने चालतो, पण उचल निम्मी. चार दोऱ्यांवर उचल दुप्पट, वेग निम्मा. तक्ता वाचताना कुठल्या जोडणीचा आहे ते पाहा, आणि हूक-ब्लॉकचं वजन त्यातून वजा केलेलं आहे की नाही तेही पाहा.

पाया किती मोठा लागतो?

पायाला तीन गोष्टी झेलायच्या असतात: क्रेनचं वजन, वाऱ्याचा आडवा जोर आणि उलथवणारा मोमेंट (जोर गुणिले अंतर). बहुतेकांचं लक्ष पहिल्यावर असतं, पण पायाचं माप तिसरा ठरवतो. उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये काम चालू असतानाचे आणि वादळात बंद असतानाचे आकडे वेगवेगळे असतात. दोन्हींवर गणित करा. बऱ्याच उंचीला वादळाचाच आकडा मोठा निघतो.

एक नमुना घेऊ. क्रेनचं वजन ७० टन, मोमेंट १८० टन-मीटर, आडवा जोर ६ टन. पाया ६ बाय ६ मीटर, दीड मीटर जाड. त्याचं स्वतःचं वजन ५४ घनमीटर गुणिले २.५, म्हणजे १३५ टन. एकूण २०५ टन. आडव्या जोरामुळे पायाच्या तळाशी आणखी ९ टन-मीटर येतात, म्हणून एकूण मोमेंट १८९. भागाकार केला की भार मध्यापासून ०.९२ मीटर सरकलेला दिसतो. रुंदीचा सहावा भाग १ मीटर, म्हणजे पूर्ण तळ जमिनीला टेकलेला आहे आणि कडेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ११ टन. इथवर सगळं ठीक वाटतं.

आता जिब कर्णाच्या दिशेला फिरवा. क्रेन गोल फिरते, तिला पायाच्या बाजू माहीत नसतात. त्याच मोमेंटला कोपऱ्यावरचा दाब १३ टनांवर जातो आणि समोरचा कोपरा जमीन सोडू लागतो. कर्णाचं गणित न केलेली डिझाइन्स माझ्याकडे तपासणीला सतत येतात. पहिला शेरा हाच असतो.

रिकाम्या हूकची क्रेन मागे झुकलेली असते, कारण काउंटरवेट तिला ओढत असतं. पूर्ण भारावर ती पुढे झुकते. त्यामुळे ओळंबा तपासताना जिब चारी दिशांना फिरवून, टोटल स्टेशनने (सर्व्हेच्या यंत्राने), वारा नसताना मोजा. एकाच दिशेचं रीडिंग काहीच सांगत नाही.

आमच्याकडे काळी माती आहे. दुसऱ्या साइटवर खाडीचा गाळ आहे. मग?

काळ्या मातीवर क्रेन उभी करू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया एका बाजूला कलतो. पुण्याच्या बहुतेक भागांत खाली घट्ट मुरूम किंवा बसाल्टचा कातळ सापडतो. तिथवर खोदा, गरज पडल्यास खाली कच्चं काँक्रीट भरून पातळी आणा. भरावावरही नको, मग तो कितीही वेळा रोलर फिरवून दाबलेला असो. जुनी विहीर किंवा नाला बुजवलेला आहे का, ते आसपासच्या जुन्या लोकांना विचारा. बोअरहोल दोन ठिकाणी घेतलेला असतो आणि विहीर नेमकी तिसऱ्या ठिकाणी निघते.

नवी मुंबई, ठाणे, भाईंदरच्या खाडीलगत मऊ चिकणमाती असते. तिथे कातळापर्यंत पाइल (जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब) आणि वर त्यांना जोडणारा पाइल कॅप लागतो. मोमेंटमुळे एका बाजूच्या पाइलवर ओढ येते, म्हणून त्यांच्या सळया तळापर्यंत न्या आणि कातळातलं सॉकेट (पाइलचा कातळात रुतलेला भाग) त्या ओढीसाठी तपासा. बेसमेंट खोदण्याआधीच क्रेन पाइलवर उभी करणार असाल तर आणखी सावध राहा. खोदाई होत जाते तसे पाइल उघडे पडतात, त्यांना बाजूने धरणारी माती जाते आणि ते खांबांसारखे वागू लागतात. प्रत्येक टप्प्याला त्यांना ब्रेसिंग हवं.

राफ्टमध्येच अँकर ओतले तर वेगळा पाया लागणार नाही ना?

बरोबर, आणि पैसेही वाचतात. पण मास्ट मग प्रत्येक बेसमेंटच्या आणि पोडियमच्या स्लॅबमधून जातो. तेवढी भोकं ठेवायची, भोवती बीम द्यायचे, जोडासाठी सळया सोडायच्या आणि क्रेन गेल्यावर ती भोकं पाणी न गळेल अशी बंद करायची. राफ्टची जाडी तिथे वाढवावी लागते का, याचं लेखी उत्तर स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून घ्या.

अँकर किंवा बेस फ्रेम जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतली तर?

नको. अँकरचं पोलाद, वेल्डिंग आणि भोकांची मापं उत्पादकाचीच हवीत, मूळ सर्टिफिकेटसह. एका पायातून कापून काढलेले अँकर दुसरीकडे वापरू नका.

वेगळ्या पद्धतीचा पाया केला तर काय होऊ शकतं, हे १६ नोव्हेंबर २००६ ला अमेरिकेतल्या बेलव्ह्यू शहरात दिसलं. तिथली क्रेन नेहमीच्या काँक्रीट पायाऐवजी लोखंडी गर्डरच्या चौकटीवर उभी होती. ती चौकट मोडली, क्रेन कोसळली आणि शेजारच्या इमारतीतल्या घरात बसलेला एक माणूस गेला. असा पाया करूच नये असं मी म्हणत नाही, अडचणीच्या जागी करावा लागतो. पण त्याचं डिझाइन दुसऱ्या स्वतंत्र इंजिनिअरकडून तपासून घ्या, आणि सतत दिशा बदलणाऱ्या भाराने वेल्ड थकतात याचं गणित त्यात असू द्या.

क्रेन टायशिवाय किती उंच उभी राहू शकते?

मॉडेल आणि मास्टच्या मापाप्रमाणे साधारण ३५ ते ६० मीटर. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, आणि तो कोणत्या वाऱ्यासाठी दिलेला आहे हेही तिथेच असतं. परदेशी मॅन्युअलमधला वारा तुमच्या शहराचा असेलच असं नाही. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या (वाऱ्याच्या भाराच्या) भागात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, पुण्यासाठी ३९. क्रेन देणाऱ्याला तुमच्या शहराच्या वाऱ्यावर तपासलेला आकडा लेखी मागा.

टाय नेमके काय काम करतात आणि कुठे बांधायचे?

टायचे रॉड मास्टभोवतीच्या ज्या चौकटीला जोडतात, ती म्हणजे कॉलर. सगळ्यात वरचा कॉलर सगळ्यात जास्त जोर घेतो. त्याच्या खालचा कॉलर उलट्या दिशेने धरतो. त्याखालच्यांवर तुलनेने थोडाच भार राहतो. म्हणून नवा कॉलर बसला की आधीच्या वरच्या कॉलरचं काम बदलतं, आणि प्रत्येक कॉलर आपल्या आयुष्यात कधीतरी ‘सगळ्यात वरचा’ असतोच. त्याच भारासाठी प्रत्येक मजल्यावरची जोडणी तपासायची असते.

मास्टचा मध्य इमारतीपासून साधारण ४ ते ६ मीटर असला तर रॉड आटोपशीर राहतात. त्याहून लांब गेलात की रॉड दाबाखाली वाकण्याचा धोका वाढतो आणि ते जड करावे लागतात. जोडणी शक्यतो लिफ्टच्या कोअरला (लिफ्टभोवतीच्या काँक्रीट भिंतींना), शिअर वॉलला (आडवा जोर घेणाऱ्या काँक्रीट भिंतीला) किंवा खांबाजवळच्या बीमला द्या. पोस्ट-टेन्शन स्लॅब (आत ताणलेल्या केबल असलेला) असेल तर केबलची ड्रॉइंग समोर ठेवल्याशिवाय एकही भोक पाडू देऊ नका.

टायमुळे आणखी एक गोष्ट अडते, तिचा विचार विक्री विभागाने आधी करायला हवा. रॉड ज्या फ्लॅटच्या खिडकीतून किंवा बाल्कनीतून आत जातात, त्या फ्लॅटचं प्लास्टर, खिडक्या आणि वॉटरप्रूफिंग क्रेन उतरेपर्यंत पूर्ण होत नाही. त्या उभ्या ओळीतल्या ग्राहकांना ताब्याची तारीख देताना हे लक्षात ठेवा.

कॉलर बसवताना काय चुकतं?

१५ मार्च २००८. न्यूयॉर्क, पूर्व ५१ वा रस्ता. अठराव्या मजल्यावर नवा कॉलर बसवत होते. तो जड कॉलर कापडी स्लिंगांवर टांगलेला होता आणि स्लिंग झिजलेल्या होत्या. त्या तुटल्या, कॉलर मास्टवरून घसरत खालच्या कॉलरवर आदळला आणि त्यालाही घेऊन गेला. आधार गेलेली क्रेन रस्ता ओलांडून समोरच्या इमारतींवर पडली. सात जण मृत्युमुखी पडले. हिशेब साधा आहे. क्रेनच्या किमतीपुढे स्लिंगची किंमत काहीच नाही. कॉलर टांगायला चेन ब्लॉक वापरा, उत्पादकाने सांगितलेल्या तितक्याच ठिकाणी वापरा, आणि धारदार कडेवर कापडी स्लिंग कधीच नको.

स्लॅब ओतल्यावर किती दिवसांनी टाय बांधता येतो?

दिवसांवर नाही, क्यूबच्या (त्याच काँक्रीटच्या चाचणीच्या ठोकळ्यांच्या) निकालावर. डिझाइनरने टायसाठी लागणारी काँक्रीटची ताकद ड्रॉइंगवर लिहिलेली असावी आणि त्या स्लॅबच्या क्यूबने ती गाठलेली असावी. पावसाळ्यात काँक्रीट उशिरा ताकद धरतं. ‘सात दिवस झाले’ हे उत्तर स्वीकारू नका.

इमारतीच्या आत चढणारी क्रेन कधी घ्यावी?

चाळीस-पन्नास मजल्यांच्या वर, जिथे बाहेरून तेवढा मास्ट आणि तितके टाय परवडत नाहीत, किंवा बाहेर जागाच नाही. क्रेन लिफ्टच्या शाफ्टमध्ये किंवा स्लॅबमधल्या भोकात कॉलरवर बसते आणि काही मजले झाले की स्वतःला वर उचलते. मास्ट कमी लागतो, जिब इमारतीच्या मध्यावरून सगळीकडे पोचतो. बदल्यात तिचं सगळं वजन आणि मोमेंट तुमच्या स्लॅबवर किंवा कोअरवर येतो, त्या शाफ्टमधली लिफ्ट शेवटपर्यंत बसवता येत नाही, आणि उतरवणं सगळ्यात अवघड. ती जमिनीवर स्वतः येत नाही. गच्चीवर दुसरी लहान डेरिक क्रेन उभारून हिचे तुकडे खाली सोडायचे, मग ती डेरिक आणखी लहान डेरिकने काढायची. गच्चीचा स्लॅब त्या भारासाठी डिझाइन केलेला हवा. हे सगळं पहिल्या बैठकीत बोललं गेलं नसेल तर हा पर्याय निवडू नका.

किती वाऱ्याला क्रेन थांबवायची?

बहुतेक क्रेनची कामाची कमाल मर्यादा ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर असते. ही क्रेनची मर्यादा आहे, मालाची नाही. या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे २४ किलोचा दाब येतो. ३ बाय २.४ मीटरच्या शटरिंग पॅनेलवर पावणेदोनशे किलोचा धक्का. ते पॅनेल हूकवर गरगरतं आणि खालचा माणूस दोरीने ते धरू शकत नाही. पसरट मालासाठी निम्म्या वेगालाच थांबा. क्लाइंबिंग आणि सुटं करण्यासाठीची मर्यादा मॅन्युअलमध्ये वेगळी आणि कमी असते.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ७२ वरून मुंबईच्या ४४ मीटर प्रति सेकंदावर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटरवर गेलात तर दाब जवळपास पाचपट होतो. आणि तो मूळ वेग जमिनीपासून १० मीटरवरचा. जिबच्या उंचीला त्याहून जास्त.

माझी सगळ्यात मोठी काळजी एप्रिल-मेची असते. पावसाळ्यातला वारा सांगून येतो. वळवाचा येत नाही. दुपारी आकाश निरभ्र, चार वाजता धुळीचा लोट आणि पाच मिनिटांत झाडं आडवी. या दोन महिन्यांत दुपारनंतर क्लाइंबिंग ठेवू नका. चक्रीवादळांची सूचना मिळते, तिचा उपयोग करा. ३ जून २०२० ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आलं. १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईजवळून गेलं, तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर गेले.

रात्री क्रेन आपोआप फिरते. ब्रेक लावायला नको का?

नको. काम संपल्यावर स्लूइंग ब्रेक (जिबचं फिरणं रोखणारा) सोडलेलाच हवा. देवळाच्या शिखरावरचा ध्वज जसा वाऱ्याच्या दिशेला वळतो तसा जिब वळला पाहिजे, म्हणजे वाऱ्यासमोर कमीत कमी अंग येतं. जिब दोरीने इमारतीला बांधला किंवा ब्रेक अडकवून ठेवला तर वारा त्याला आडवा पकडतो आणि पाया त्या जोरासाठी केलेला नसतो. म्हणून क्रेनची जागा ठरवतानाच पूर्ण वर्तुळ अडथळ्याविना मोकळं आहे का ते पाहायचं. ते मोकळं नसेल तर ती जागा आडव्या जिबच्या क्रेनची नाही, एवढं स्पष्ट आहे.

जिबवर कंपनीचं नाव किंवा सणाची रोषणाई लावली तर?

उत्पादकाने मान्य केलेल्या मापाचा आणि मान्य जागेवरचा फलक सोडून काहीही लावू नका. पत्र्याचा किंवा फ्लेक्सचा फलक शिडासारखा वारा घेतो, मोमेंट वाढवतो आणि जिबचं मोकळं फिरणं बिघडवतो. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वळवाच्या वाऱ्यात होर्डिंग कोसळून १७ जण गेले. मोठ्या पृष्ठभागावर वारा काय करतो, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

एका साइटवर दोन-तीन क्रेन असतील तर?

उंची वेगवेगळ्या ठेवा. वरच्या क्रेनच्या हूकपासून खालच्या क्रेनच्या सगळ्यात उंच भागापर्यंत किमान ३ मीटर मोकळं असावं असं मी धरतो. एकीचा जिब दुसरीच्या मास्टला पोचता कामा नये. टक्कर टाळणारी यंत्रणा बसवा, पण कोणती क्रेन आधी चढणार याचं वेळापत्रक तिच्यापेक्षा महत्त्वाचं. बहुतेक गोंधळ एका क्रेनचं क्लाइंबिंग पुढे ढकललं जातं तेव्हा होतात.

कायद्याने काय काय लागतं?

बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा केंद्रीय कायदा, १९९८ चे केंद्रीय नियम आणि महाराष्ट्राचे २००७ चे नियम यांवर आपली पद्धत उभी राहिली. आता तो कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. पद्धतीचा गाभा असा: उभारणीनंतर आणि ताकदीवर परिणाम करणाऱ्या दुरुस्तीनंतर सक्षम व्यक्तीकडून चाचणी, वर्षातून किमान एकदा सखोल तपासणी आणि त्याच्या लेखी नोंदी. सुरक्षित वापराच्या पद्धतीसाठी आयएस १३३६७ आहे. क्लाइंबिंगनंतरही तपासणी करून घ्या, कारण त्या दिवशी क्रेनची रचनाच बदललेली असते.

सांताक्रूझ, जुहू, नवी मुंबई, लोहगाव, नागपूर अशा विमानतळांच्या परिसरात उंचीची परवानगी लागते. इमारतीची परवानगी मिळाली म्हणजे क्रेनची मिळाली असं समजू नका. क्रेन इमारतीच्या वर जाते, लफिंगचा उभा जिब तर बराच वर. शेवटच्या मजल्यांचं काम त्या मर्यादेत बसतं का हे मॉडेल निवडतानाच पाहा. माथ्यावर लाल दिवे हवेत.

जुनी क्रेन भाड्याने घेताना काय पाहू?

मास्टचे तुकडे. दिसायला सारखे पण आतून वेगळ्या जाडीचे मास्ट असतात, जड खाली आणि हलके वर असा क्रम असतो. चार साइटवरून गोळा केलेल्या क्रेनमध्ये तो क्रम बिघडलेला असतो. प्रत्येक तुकड्याचा नंबर मॅन्युअलशी जुळवा. मग स्लूइंग रिंगचे (वरचा भाग ज्यावर फिरतो त्या कड्याचे) बोल्ट. २६ सप्टेंबर २००६ ला लंडनच्या बॅटरसी भागात ते थकून तुटले, वरचा सगळा भाग खाली आला आणि दोघे गेले. काउंटरवेटचे ब्लॉक योग्य वजनाचे आहेत का, तेही पाहा. साइटवर ओतलेले, वजन न लिहिलेले ब्लॉक घेऊ नका. वायर रोप, ट्रॉलीची चाकं, लिमिट स्विच हे नेहमीचंच. रंग नवा असेल तर वेल्डवरचा रंग खरवडून पाहायची परवानगी मागा.

ऑपरेटर आणि खालची माणसं यांच्यात गैरसमज होतात. उपाय?

एका वेळी एकच सिग्नलमन, वेगळ्या रंगाचं जॅकेट, स्वतंत्र वॉकी-टॉकी चॅनेल. ऑपरेटर बहुधा हिंदी बोलणारा असतो, रिगर (खाली माल बांधणारा) कधी ओडिया, कधी बंगाली, कधी मराठी. ‘हाबीस’ म्हणजे वर आणि ‘आरिया’ म्हणजे खाली, हे जुन्या रिगरना पाठ असतं, नव्या पोरांना नसतं. कोणते शब्द वापरायचे ते पहिल्याच दिवशी ठरवून केबिनमध्ये आणि खाली दोन्हीकडे लिहून लावा. शब्द ऐकू आला नाही तर क्रेन थांबते, हा नियम पक्का. ऑपरेटरला दर काही तासांनी खाली येऊ द्या. मे महिन्यात त्या केबिनमध्ये काय तापतं, हे एकदा वर चढून पाहा. दुरुस्त एसी आणि प्यायचं पाणी ही चैन नाही.

आमच्या सोसायटीवरून क्रेन फिरते. आम्ही काय विचारावं?

तीन गोष्टी मागा. शेवटच्या तपासणीचं सर्टिफिकेट, भरलेला हूक तुमच्या आवारावरून जाणार नाही याची लेखी हमी, आणि क्लाइंबिंग व उतरवण्याच्या तारखा किमान आठवडाभर आधी. रिकामा जिब वाऱ्याबरोबर वरून फिरतो म्हणून घाबरू नका, तसा तो फिरणं सुरक्षित असतं. माल वरून जाताना दिसला तर मात्र तारीख-वेळेसह फोटो काढा आणि साइट इन्चार्जला त्याच दिवशी लेखी कळवा. उतरवण्याच्या दिवशी पोलिसांच्या परवानगीने रस्ता बंद ठेवला जाणार आहे का, लहान मुलांच्या खेळण्याची जागा आणि पार्किंग त्या पट्ट्यात येतं का, हे बैठकीत विचारा. विकासकाकडे याचं उत्तर ड्रॉइंगवर तयार असायला हवं.